मोटारसायकलच्या क्लच केबलची जुळवणी

क्लच केबल ही मोटारसायकलच्या डाव्या हँडलवरील लिव्हर आणि इंजिनावरील क्लचची भुजा यांना जोडणारी पोलादी तार होय. अनेक बारीक तारा पिळून केलेली ही तार लवचीक आवरणातून सरकते. या प्रकारच्या केबलला अर्नेस्ट बाउडन यांच्या नावावरून बाउडन केबल म्हणतात. हायड्रॉलिक क्लच असलेल्या गाड्यांत ती नसते.

मोकळीक

लिव्हर दाबताना सुरुवातीला जी सैल हालचाल जाणवते, तिला मोकळीक किंवा 'फ्री प्ले' म्हणतात. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांत ती लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर असते. नेमके माप गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. वापराने केबल ताणली की मोकळीक वाढते. याउलट क्लच प्लेटा झिजल्या की ती सहसा कमी होते. म्हणून केबल नेहमी घट्टच करावी लागते, ही समजूत चुकीची आहे.

मोकळीक जास्त असल्यास क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर अडखळत पडतात आणि न्यूट्रल सापडत नाही. हा दोष लगेच लक्षात येतो. मोकळीक अजिबात नसणे अधिक घातक असते, कारण लिव्हर हलका व तत्पर वाटल्याने चालकाला ते सोयीचेच भासते. प्रत्यक्षात प्लेटा अर्धवट सुटलेल्या राहून घसरतात व जळतात. घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही, ही त्याची खूण होय.

जुळवणी

जुळवणीची जागा सहसा दोन ठिकाणी असते. किरकोळ फरक हँडलजवळच्या ॲडजस्टरने काढता येतो. त्याचा लॉकनट सैल करून ॲडजस्टर बाहेरच्या दिशेने फिरवल्यास मोकळीक कमी होते, आत फिरवल्यास वाढते. तो फार बाहेर आल्यास मात्र आटे पुरेसे धरत नाहीत. अशा वेळी तो पूर्ण आत घेऊन इंजिनाकडील नटांनी माप जुळवावे आणि शेवटचा बारीक फरक पुन्हा हँडलजवळ काढावा. लॉकनट घट्ट करताना ॲडजस्टर व नट यांच्या खाचा एका रेषेत येऊ देऊ नयेत, अन्यथा पावसाचे पाणी केबलमध्ये उतरते.

त्यानंतर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहतात. त्यामुळे मोकळीक बदलत असेल, तर केबल कुठेतरी अडकलेली किंवा चुकीच्या मार्गाने नेलेली असते. शेवटी मोकळ्या जागेत, ब्रेक धरून आणि लिव्हर पूर्ण दाबून पहिला गिअर टाकतात; गाडी पुढे ओढली जाता कामा नये.

मर्यादा

लिव्हरजवळच्या टोकाशी एखादा धागा जरी तुटलेला दिसला, तरी जुळवणी न करता केबल बदलावी. मोकळीक योग्य असूनही क्लच घसरत असेल, तर दोष प्लेटा, स्प्रिंगा किंवा मोटारीसाठीचे चुकीचे इंजिन ऑइल यांत असू शकतो.