बारा बोअरपासून चारशे दहापर्यंत : टर्कीची शिकार आणि हलकी झालेली बंदूक

मागच्या वेळी आपण बंदुकीच्या दारूचा प्रवास पाहिला. आजचा विषय ऐकून काही जणांनी विचारलं, 'अमेरिकेतल्या टर्कीच्या शिकारीशी आपला काय संबंध?' प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय संपला, आणि संपला ते बरंच झालं. पण आजची गोष्ट शिकारीचं कौतुक करणारी नाही. माणसाच्या हातातलं एखादं हत्यार आधी मोठं का होत जातं आणि मग अचानक लहान का होतं, हे आपल्याला बघायचं आहे.

आणि संबंध म्हणाल तर थोडासा आहेच. टर्की हा मूळचा अमेरिकेतला पक्षी, मेक्सिकोत माणसाळवलेला. पोर्तुगिजांनी तो गोव्यात आणला. 1612 साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून ज्या नवलाईच्या वस्तू घेऊन गेला, त्यांत हा पक्षी होता. बादशहाला तो इतका अजब वाटला की त्यानं उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. म्हणजे या पक्ष्याचं हिंदुस्थानातलं सगळ्यात गाजलेलं चित्र गोव्यामार्गे आलेलं. नावाचा घोळ तर विचारू नका. इंग्रजांना तो तुर्कस्तानचा वाटला, तुर्कांनी त्याला 'हिंदी' म्हटलं, आणि पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात. (हशा)

आता मुद्द्यावर येऊ. आधी 'बोअर' म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडे गावात म्हणतात, 'त्याच्याकडे बारा बोअर आहे.' हा बारा कुठून आला? एक पौंड, म्हणजे सुमारे 454 ग्रॅम शिसं घ्या आणि त्याच्या सारख्या बारा गोळ्या करा. अशी एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटर. त्याच शिशाच्या वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान, म्हणून नळीही लहान, साडेपंधरा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आकडा वाढला की बंदूक लहान होते. याला एकच मोठा अपवाद, 'फोर-टेन'. तिथला आकडा गोळ्यांचा नाही, तो थेट इंचातला व्यास आहे : 0.410 इंच, म्हणजे 10.4 मिलिमीटर. अमेरिकेत ही बंदूक पोरांच्या हाती पहिली बंदूक म्हणून दिली जायची. खारी, ससे मारायला. टर्कीसाठी फोर-टेन घेऊन जातो असं पूर्वी कोणी म्हणालं असतं, तर लोक हसले असते.

का हसले असते? कारण टर्की मारायला अवघड. नर टर्की आठ-नऊ किलोचा भरतो, पिसांचं चिलखत जाड, नजर अतिशय तीक्ष्ण. वसंतात पहाटे अंधारात शिकारी झाडाच्या बुंध्याला टेकून बसतो आणि मादीचा आवाज काढतो. त्यासाठी लाकडी पेटीसारखं एक वाद्य असतं, त्याचं पेटंट 1897 सालचं आहे. नर आवाजाला भुलून जवळ येतो. मग नेम धरायचा तो अंगावर नाही, डोक्यावर आणि मानेवर. डोकं केवढं, तर लिंबाएवढं. तेही सारखं हलणारं. अंतर साधारण चाळीस यार्डांच्या आत. एक छर्रा लागून भागत नाही. पुरेसे छर्रे, पुरेशा जोरानं, एवढ्याशा जागेत पोचले पाहिजेत. नाहीतर पक्षी जखमी होऊन उडून जातो आणि झाडीत कुठेतरी मरतो. शिकारीतली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट हीच.

पण बंदुकीआधी पक्ष्याची गोष्ट सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकात टर्की बाजारात विकण्यासाठी बेसुमार मारले गेले, जंगलं तुटली. मॅसॅच्युसेट्स राज्यात शेवटचा जंगली टर्की 1851 साली गेला. 1900 च्या लेसी कायद्यानं चोरट्या शिकारीच्या आंतरराज्य व्यापाराला आळा घातला, तरी पक्षी सावरला नाही. 1937 साली पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. लांब बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना द्यायचा, असं ठरलं. लोकांनी आधी पाळीव पद्धतीनं वाढवलेले पक्षी जंगलात सोडून पाहिले. ते टिकले नाहीत. जंगलात कसं जगायचं हे त्यांना शिकवणारी आईच नव्हती! मग 1950 च्या सुमारास तोफेसारख्या नळ्यांनी उडवायचं जाळं आलं. मूळचं ते पाणपक्ष्यांसाठी होतं. त्यानं खरे जंगली टर्की कळपानं पकडता आले आणि दुसरीकडे नेऊन सोडता आले. मॅसॅच्युसेट्समध्ये 1972-73 साली न्यूयॉर्क राज्यातले फक्त 37 पक्षी आणून सोडले. आज तिथे ते शहरांच्या रस्त्यांवरून फिरतात. 1973 साली नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन ही संस्था निघाली. आज अलास्का सोडून सगळ्या राज्यांत टर्की आहे.

पक्षी परत आला तशी शिकार परत आली, आणि तिच्याबरोबर बाजार. इथून बंदूक फुगायला लागते. 1975 साली इथाका कंपनीनं दहा बोअरची मॅग-10 काढली. वजन पाच किलोच्या आसपास. 1988 साली मॉसबर्ग कंपनीनं बारा बोअरमध्येच साडेतीन इंची काडतूस चालेल अशी बंदूक आणली. त्या एका काडतुसात दोन औंस, म्हणजे 57 ग्रॅम छर्रे. विचार सरळ होता : जास्त छर्रे म्हणजे जास्त खात्री.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. छर्रे पुढे जातात तेवढ्याच संवेगानं बंदूक मागे येते. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम. त्या काडतुसाचा खांद्याला बसणारा धक्का हरणाच्या शिकारीच्या नेहमीच्या रायफलीच्या जवळजवळ तिप्पट. माणूस धक्क्याला घाबरायला लागला की काय होतं? चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा आखडतो, नळी हलते. म्हणजे ज्या खात्रीसाठी एवढं मोठं काडतूस घेतलं, तीच खात्री धक्क्यानं घालवली. आणि सत्तरीचे आजोबा, बारीक चणीच्या बायका, बारा वर्षांची मुलं? त्यांच्यासाठी हा खेळ बंदच झाला.

मग कुणी म्हणेल, हलकी बंदूक घ्या. इथेच लोक फसतात. काडतूस तेच ठेवून बंदूक हलकी केली तर धक्का वाढतो. गणित बघा. मागे येणाऱ्या बंदुकीची ऊर्जा म्हणजे संवेगाचा वर्ग भागिले बंदुकीच्या वजनाची दुप्पट. वजन निम्मं केलं तर ऊर्जा दुप्पट होते. पण संवेग निम्मा केला तर ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते. म्हणजे बंदूक हलकी करायची असेल तर आधी छऱ्यांचा भार कमी करायला हवा. आणि भार कमी केला तर पक्षी पडणार कसा?

याचं उत्तर टर्कीच्या शिकाऱ्यांनी शोधलं नाही. ते बदकांच्या तळ्यातून आलं. शिकाऱ्यांचे पडलेले शिशाचे छर्रे बदकं खड्यांबरोबर गिळायची आणि विषबाधेनं मरायची. ते छर्रे पोटात असलेली बदकं खाऊन गरुडही मरायचे. म्हणून 1991 पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाला पूर्ण बंदी आली. पर्याय म्हणून पोलाद आलं, पण ते हलकं. शिशाची घनता 11.3, पोलादाची 7.8. शिकारी कुरकुरले. जड आणि बिनविषारी धातूचा शोध सुरू झाला आणि तो टंगस्टनपाशी पोचला. टंगस्टनचे जे दाट छर्रे आज 'टीएसएस' नावानं मिळतात, त्यांची घनता 18 च्या वर आहे. सुरुवातीला काही हौशी लोक घरीच अशी काडतुसं भरत. 2018 साली फेडरल कंपनीनं ती टर्कीसाठी बाजारात आणली, अगदी फोर-टेनमध्येसुद्धा.

आता हे गणित शांतपणे बघा, कारण सगळी गंमत इथे आहे. टर्कीसाठी शिशाचा पाच नंबरचा छर्रा घेत. व्यास तीन मिलिमीटर. टंगस्टनचा नऊ नंबरचा छर्रा दोनच मिलिमीटरचा, आणि वजन जवळजवळ निम्मं. पण त्याच्या समोरच्या तोंडाचं क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी. म्हणजे दर क्षेत्रफळामागे वजन शिशाइतकंच, किंबहुना किंचित जास्त. त्यामुळे तो तेवढाच आत शिरतो. आणि लहान असल्यामुळे कमी भारात जास्त बसतात. साडेतीन इंची बारा बोअरमध्ये दोन औंस शिशाचे पाच नंबरचे छर्रे सुमारे 340. फोर-टेनच्या काडतुसात फक्त 23 ग्रॅम टंगस्टन, पण छर्रे तीनशेच्या जवळपास! संख्या जवळजवळ तेवढीच, भार निम्म्याहून कमी. बंदूक अडीच किलोची असली तरी धक्का त्या जुन्या राक्षसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शावर येतो. थोडक्यात, बंदूक हलकी झाली कारण छर्रा जड झाला.

यामुळे माणसं बदलली. खांद्याचं ऑपरेशन झालेले म्हातारे परत जंगलात जाऊ लागले. मुलांना पहिल्याच दिवशी धक्क्याची भीती बसेनाशी झाली. डोंगर चढताना दिवसभर हातात किलोभर ओझं कमी, हे चालणाऱ्यालाच कळतं. काही राज्यांच्या नियमांत वीस बोअरपेक्षा लहान बंदुकीला टर्कीसाठी परवानगी नव्हती. ते नियमही हळूहळू सैल झाले. नियम करणाऱ्यांची चूक नव्हती. शिशाच्या काळात तो नियम पक्ष्याच्या भल्याचाच होता.

पण इतिहास सांगणाऱ्यानं फक्त फायद्याची बाजू सांगून उठू नये. तीन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, पैसा. टंगस्टनचं एक काडतूस शिशाच्या काडतुसापेक्षा कितीतरी पट महाग पडतं. म्हणजे खांद्याची सोय झाली, पण खिशाला धक्का बसला. दुसरी, जगातलं बहुतेक टंगस्टन चीनमधून येतं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये चीननं त्याच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं. अमेरिकेतल्या खेड्यातल्या शिकाऱ्याचा छर्रा असा जागतिक राजकारणाला बांधला गेला.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हेच छर्रे मोठ्या बंदुकीत भरले की साठ-सत्तर यार्डांवरूनही पक्षी पडू शकतो. मग मोह होतो. जवळ बोलावण्याची कला, दोन तास हलायचं नाही, डास चावले तरी हात उचलायचा नाही, हे सगळं कशाला? लांबूनच मारा! आणि हे होतंय अशा काळात, जेव्हा अमेरिकेच्या आग्नेयेकडच्या राज्यांत टर्कीची संख्या पुन्हा घटते आहे. त्यामागे अधिवास, पिल्लांचं न जगणं अशी अनेक कारणं अभ्यासक मांडतात. तरी ज्या पक्ष्याला वाचवायला चाळीस-पन्नास वर्षं लागली, त्याच्या बाबतीत हात सैल सोडणं परवडणारं नाही.

म्हणून एकच धातू, पण त्यातून दोन वाटा फुटतात. एका वाटेनं गेलं तर तेच अंतर, तीच मेहनत, फक्त खांद्याला आराम आणि नेम जास्त सरळ. दुसऱ्या वाटेनं गेलं तर बंदूक तीच मोठी, अंतर वाढलं, मेहनत गेली. तंत्रज्ञान कोणती वाट धरायची ते सांगत नाही. ते माणसालाच ठरवावं लागतं. ज्यांनी फोर-टेन हातात घेतली, त्यांतल्या बऱ्याच जणांनी पहिली वाट धरली. ताकद वाढवण्याची सोय हाताशी असताना त्यांनी ओझं कमी केलं. हत्यारांच्या इतिहासात असं फार वेळा घडत नाही, म्हणून ही छोटीशी गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटली.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.