चार तारांची गिटार आणि आमचा जंगलमुलूख

धानाची कापणी-मळणी आटोपत आली, की चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. वडशाच्या नाट्यमंडळ्या गावोगाव मुक्काम करतात आणि रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही. या रंगभूमीच्या गाण्यांचा भार दीर्घकाळ पेटीने वाहिला. आता तिच्या जोडीला, पुष्कळदा तिच्या जागीही, विजेवरची वाद्ये आली आहेत. तथापि पेटी हे आपल्या घरचेच वाद्य आहे, अशी या मुलखातील रसिकांची भावना अद्याप कायम आहे. वास्तविक ती मूळची पॅरिसची. अलेक्झांद्र दबँ या कारागिराने १८४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत हार्मोनियम या नावाने तिचे पेटंट घेतले. ज्या लहान चर्चना नळ्यांचा भव्य ऑर्गन परवडत नसे, त्यांनी युरोपात तिला हौसेने जवळ केले. त्या वेळी ती पायांवर उभी असे, भाता पायांनी हाकावा लागे आणि वादक खुर्चीवर बसे. १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचे पाय काढले, भाता मागे नेला आणि तो एका हाताने हलविण्याची सोय केली. वादकाचा एक हात भात्यात गुंतला, म्हणजे दोन्ही हातांनी स्वरसंगती वाजविण्याची शक्यता संपली. परंतु आपले गायन एकेरी सुरावटीचे. जे गेले त्याची येथे कोणाला उणीव भासली नाही; वाद्य मात्र हलके झाले, स्वस्त झाले आणि मांडी घालून बसणाऱ्याच्या पुढ्यात आले.

वाद्य स्वस्त करावयाचे म्हणजे त्यातील काहीतरी सोडावे लागते. काय सोडले, यावर ते टिकणार की अडगळीत जाणार हे ठरते. हे सारे सांगण्याचे प्रयोजन असे, की आमच्या गायकवृंदांतील तरुण अलीकडे गिटार मागू लागले आहेत, आणि गाठीशी पैसा थोडा आहे.

मागणी अस्थानी नव्हे. ४ डिसेंबर १९६३ रोजी द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीविषयीचे संविधान प्रसिद्ध केले. त्यात ऑर्गनचा मान राखून, पवित्र कार्यास साजेशी असतील अशा इतर वाद्यांनाही दार मोकळे करण्यात आले. त्यानंतर जगभरच्या चर्चमध्ये गिटार शिरली. आमच्याकडील काळही साधारण तोच. १९६२ साली चांदा प्रदेशाची जबाबदारी केरळच्या सी.एम.आय. संघाच्या धर्मगुरूंकडे आली आणि १९७७ मध्ये बल्लारपूर येथे केंद्र असलेला चांदा धर्मप्रांत अस्तित्वात आला. म्हणजे येथील उपासना आणि नव्या वाद्यांची मोकळीक ही जवळजवळ एकाच वयाची आहेत.

येथे एक आक्षेप ऐकू येतो, आणि तो करणारे सुजाण असतात. परदेशी गिटार कशाला, परधानांची किंगरी या मातीतली आहे, ती का नको? किंगरी अथवा किकरी हे तीन तारांचे, गजाने वाजवावयाचे वाद्य. कातड्याने मढविलेल्या लहान धडावर घोडी नुसती टेकलेली असते. तारांचा ताण खालच्या टोकाशी बांधलेला असतो. फ्युरर-हायमेनडॉर्फ या अभ्यासकाने राज गोंडांवरील आपला ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध केला. तो आदिलाबादविषयी आहे. आमचा राजुरा तालुकाही पूर्वी निजामाच्या त्याच आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. परधान हा गोंड कुळांचा वंशपरंपरागत गायक. पेर्सा पेनच्या म्हणजे कुळदैवताच्या उत्सवात तो किंगरीच्या साथीवर कुळाच्या उत्पत्तीची गाथा गातो आणि त्याबद्दल यजमान कुळाकडून त्याला दान मिळते. किंगरी ही अशी एका समाजाच्या उपासनेत आणि परस्परांच्या नात्यात गुंतलेली वस्तू आहे. ती उचलून आपल्या गायकवृंदात बसविणे हा सन्मान नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. परधान कुटुंबातील एखादा तरुण स्वेच्छेने ती घेऊन आला तर गोष्ट निराळी. आपण तिच्यापासून शिकावे मात्र अवश्य. तिची ती मोकळी घोडी वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याशी आम्हांला पुढे काम आहे.

आता प्रत्यक्ष गिटारकडे वळू. सहा तारांच्या गिटारला एक धाकटी बहीण आहे, तिला टेनर गिटार म्हणतात. तारा चार, दांडी आखूड. तिचा जन्म सांगण्यापूर्वी एक खुलासा केला पाहिजे. महाराष्ट्रात ज्याला बेंजो म्हणतात ते टंकलेखन यंत्रासारख्या कळांचे वाद्य म्हणजे बुलबुल तरंग. ते जपानच्या नागोया शहरी गोरो मोरिता यांनी १९१२ साली काढलेल्या ताइशोगोतोचे आपल्याकडील रूप होय. अमेरिकेचा बँजो वेगळा; डफाला दांडी जोडावी तसा दिसणारा, कातडी तबलीचा. १९२० च्या आसपास तेथील नृत्यवृंदांत चार तारांच्या टेनर बँजोचा मोठा बोलबाला होता, कारण त्याचा खणखणाट तुताऱ्यांच्या गलबल्यातूनही ऐकू येई. १९२५ पासून ध्वनिमुद्रण मायक्रोफोनवर होऊ लागले आणि हे कारणच उरले नाही. श्रोत्यांना गिटारचा मऊ नाद आवडू लागला. बँजोवाल्यांनी मग काय करावे? सहा तारांची नवी जुळणी शिकत बसण्याइतका अवधी पोटार्थी वादकाला कोठला? तेव्हा कारखानदारांनी गिटारच्या धडावर बँजोची चार तारांची दांडी बसविली. मार्टिन आणि गिब्सन या दोन नामवंत कंपन्यांनी १९२७ च्या सुमारास अशा गिटारी बाजारात आणल्या. मार्टिनचा कारखाना पेनसिल्व्हेनियातील ज्या गावी आहे त्याचे नाव नाझरेथ. हे गावनाव वाचकांना दुसऱ्याच एका सुताराच्या घरामुळे परिचित आहे.

टेनर गिटारच्या तारा सी, जी, डी, ए अशा लावीत. प्रत्येक तार शेजारणीशी षड्ज-पंचम भावाने बांधलेली. व्हायोलिन आणि मँडोलिन यांचीही जुळणी याच नात्याची. वाद्याची रचना कारागिराच्या लहरीने ठरली नव्हती. वाजविणाऱ्याच्या बोटांना आधीच काय येत होते, यावर ती ठरली.

१९२९ नंतर अमेरिकेत मंदी आली. तेव्हा शिकागोतील हार्मनी, रीगल, के अशा कारखान्यांनी अल्प किमतीच्या गिटारी काढल्या आणि टपालाने माल पाठविणाऱ्या मोठ्या पेढ्यांच्या सूचिपत्रांतून त्या दूरदूरच्या शेतमळ्यांवर पोहोचल्या. महाग लाकडाऐवजी बर्च लाकूड वापरून त्यावर भारी लाकडाचे रेषाजाळ नुसते रंगविलेले असे. तबलीच्या आतील आधारपट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या सरळ मारलेल्या असत. मार्टिनसारखी फुलीची नाजूक रचना नसे. अनेक नगांत तारा घोडीला न बांधता पत्र्याच्या पट्टीने धडाच्या बुडाशी अडकविलेल्या असत. जाणकारांनी या वाद्यांना नाके मुरडली. त्यांतील कित्येक आजही वाजत आहेत. पुढे टेनर गिटार मागे पडली. १९५८ साली ‘टॉम डूली’ या गीताने गाजलेल्या किंग्स्टन ट्रिओतील निक रेनॉल्ड्स यांच्या हाती ती पुन्हा लोकांना दिसली, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आमच्या मुलखासाठी वाद्य निवडताना शिकागोचे हे स्वस्त कारागीरच अधिक उपयोगी पडतात. येथे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि जुलैत भिंतींना पाझर फुटतो. सागवानाची कीर्ती असलेल्या आलापल्लीच्या रानातही लाकूड फुगते आणि आक्रसते. शहरी तज्ज्ञ सांगतात की तबली अखंड लाकडाची घ्यावी, तिचा नाद गोड. नाद गोड असतो हे निर्विवाद. परंतु पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत दोन उन्हाळे काढताना ती तडकण्याचा धोका मोठा. येथे थर चिकटवून केलेली तबली घ्यावी, असे आम्ही निःसंकोच म्हणतो. एका देणगीदाराने दिलेली देखणी गिटार मे महिन्यात घोडीपासून उखडलेली आम्ही पाहिली आहे. उष्णतेने सरस मऊ होतो आणि तारांचा ताण घोडीला उपटून काढतो. किंगरीला हे भय नाही, कारण तिची घोडी चिकटविलेलीच नसते. शिकागोच्या पत्र्याच्या पट्टीतही तीच युक्ती आहे. अशी पट्टी असलेले वाद्य मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास चार तारांचा लाभ आहेच: सहापैकी दोन तारा कमी झाल्या की घोडीवरील ओढ सुमारे तिसऱ्या हिश्श्याने घटते.

दांडीत फिरविता येणारी लोखंडी सळई हवीच. ही युक्ती गिब्सनने १९२० नंतर लवकरच आणली. मार्टिनने तिच्यावाचून १९८५ पर्यंत काम भागविले, पण त्यांना भामरागडचा पावसाळा ठाऊक नव्हता. खुंट्या दातेरी चाकाच्या असाव्यात. विजेची जोडणी, शिंपल्याचे नक्षीकाम, चकाकणारा रंग यांवर पैसा घालवू नये. ज्या पाड्यात संध्याकाळी दिवाच कधी असतो, कधी नसतो, तेथे तारेचे भेंडोळे नेऊन काय साधणार?

टेनर गिटार म्हणून घडविलेले वाद्य आपल्याकडील दुकानांत सहसा दिसत नाही. त्यावर उपाय साधा आहे. मुलांसाठी मिळणाऱ्या पाऊणमापी सहा तारांच्या गिटारमध्ये तारेची लांबी साधारण ५८ सेंटिमीटर, म्हणजे २३ इंच असते. मोठ्या टेनर गिटारचे मापही तेच. दांडीच्या माथ्यावरील खाचांची पट्टी काढून तिच्या जागी चार खाचांची हाडाची पट्टी गावच्या सुताराकडूनही बसवून घेता येते. दांडी किंचित रुंद राहते. ज्या मुलांचे हात धान रोवून जाड झाले आहेत त्यांना ते सोयीचेच.

राहिला तारांच्या जुळणीचा प्रश्न. सी, जी, डी, ए ही मूळ जुळणी येथे नको, कारण तिची सर्वांत बारीक तार ताणाच्या अखेरच्या मर्यादेवर असते आणि वरचेवर तुटते. वसई किंवा गोव्याकडून आलेला, व्हायोलिन अथवा मँडोलिन शिकलेला कोणी गायकवृंदात असेल तर जी, डी, ए, ई अशी खालच्या सप्तकात लावावी. आयर्लंडचे वादक तसेच लावतात आणि त्याची बोटे पहिल्या दिवसापासून वाट ओळखतील. इतरांनी डी, जी, बी, ई लावावी. ही सहा तारांच्या गिटारच्या बारीक चार तारांचीच जुळणी असल्याने उद्या एखादा मुलगा मोठ्या गिटारकडे गेला तर त्याचे शिकलेले वाया जात नाही, आणि तारांची नेहमीची जुडी चंद्रपूर-नागपूरला मिळते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी दोन जुड्या आणून ठेवाव्यात. जुडीतून उरणाऱ्या दोन जाड तारा टाकून देऊ नयेत. त्यांपैकी ए ची तार एक स्वर उतरवून व्हायोलिनच्या जुळणीतील जी साठी चालते.