शून्याचे तीन अर्थ : दुखापतग्रस्त आघाडीपटूची किंमत कशी ठरवावी?

१/ नागपूरचे लकडगंज नावाप्रमाणेच लाकडाच्या वखारींसाठी ओळखले जाते. वखारीत ओंडक्याचा घेर आणि लांबी मोजून घनफुटांचा हिशेब होतो. हा हिशेब आवश्यक असतो, पण पुरेसा नसतो. ओंडका आतून भरीव आहे की पोकळ, हे मापाच्या फितीला कळत नाही. हॉकीतील आघाडीपटूचे मोल ठरवतानाही हीच अडचण येते. गोल मोजता येतात. परंतु दुखापतीमुळे न खेळलेले सामने आणि दुखापतीसह खेळलेले सामने कोणत्या फितीने मोजायचे? या प्रश्नाचा मागोवा तीन भारतीय खेळाडूंच्या आधारे घेणारा हा धागा.

२/ प्रथम ‘फँटसी’ची पार्श्वभूमी. १९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखकाने मित्रांसह बेसबॉलचा एक कागदी खेळ रचला. प्रत्येकाने ठरावीक रकमेत खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बांधायचा आणि त्या खेळाडूंच्या खऱ्या कामगिरीवर गुण मिळवायचे. भारतात ही कल्पना मुंबईच्या ड्रीम इलेव्हनने घरोघरी पोहोचवली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली, तरी या खेळाने लावलेली सवय उरली आहे. खेळाडूचे नाव ऐकताच तरुण चाहता विचारतो, “गुण किती?”

३/ या पद्धतीत मैदानात नसलेल्या खेळाडूला शून्य मिळते. आघाडीपटू खेळला, पण त्याच्या नावावर गोल किंवा गोलसाठी दिलेला पास लागला नाही, तरी त्याचे खाते जवळपास रिकामेच राहते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ही शून्ये एकसारखी नसतात. एक शून्य दुखापतीचे असते. दुसरे निवड समितीच्या किंवा महासंघाच्या निर्णयाचे असते. तिसरे शून्य अशा खेळाडूचे, जो स्वतः गोल न करता प्रतिस्पर्ध्याचा व्यूह बदलून टाकतो. गुणतक्ता तिन्ही एकाच रकान्यात लिहितो.

४/ सर्वांत बोलके उदाहरण बलबीरसिंग सिनियर यांचे. ऑलिंपिकमधील त्यांचे आकडे थक्क करणारे आहेत : १९४८, १९५२ आणि १९५६ या तीन स्पर्धांत मिळून ८ सामने, २२ गोल आणि तीन सुवर्णपदके. सरासरी सामन्यामागे २.७५ गोल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारताने नेदरलँड्सला ६-१ असे हरवले, त्यांतील ५ गोल एकट्या बलबीर यांचे होते. कोणत्याही फँटसी संघात सर्वाधिक किंमत मोजून घ्यावा असाच हा सेंटर फॉरवर्ड.

५/ आता १९५६ चे मेलबर्न पाहू. कर्णधार बलबीर. पहिल्या सामन्यात भारताने अफगाणिस्तानचा १४-० असा पराभव केला आणि बलबीर यांनी ५ गोल केले. त्याच सामन्यात त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला गंभीर दुखापत झाली. हॉकीत डावा हात स्टिकच्या टोकाला असतो, तर उजवा हात खाली राहून चेंडू थोपवणे, वळवणे आणि ढकलणे यांवर ताबा ठेवतो. त्यामुळे आघाडीपटूच्या उजव्या हाताचे बोट मोडणे म्हणजे त्याचे हत्यारच बोथट होणे. अमेरिका आणि सिंगापूरविरुद्ध बलबीर खेळले नाहीत. रणधीरसिंग जेंटल यांनी संघाचे नेतृत्व केले. भारताने ते सामने १६-० आणि ६-० असे जिंकले.

६/ संघ व्यवस्थापनाने येथे दोन निर्णय घेतले. पहिला, दुखापतीची बातमी बाहेर जाऊ द्यायची नाही. दुसरा, बलबीर यांना थेट उपांत्य फेरीत उतरवायचे. यामागचा हिशेब साधा होता. बलबीर मैदानात असले की प्रतिस्पर्धी संघ त्यांच्यावर किमान दोन खेळाडू तैनात करणार आणि तेवढी मोकळीक इतरांना मिळणार. ते जखमी आहेत हे कळले असते, तर हा पहारा उठला असता. म्हणजे त्या घडीला संघाला बलबीर यांच्या स्टिकपेक्षा त्यांच्या धाकाची अधिक गरज होती.

७/ उपांत्य सामन्यात भारताने जर्मनीला १-० असे नमवले. गोल उधमसिंग यांचा. ६ डिसेंबर १९५६ रोजी अंतिम सामन्यात पाकिस्तानवर १-० असा विजय मिळाला. गोल पेनल्टी कॉर्नरवर जेंटल यांचा. बोटाला प्लॅस्टर आणि वेदनाशामक इंजेक्शने अशा अवस्थेत खेळलेल्या बलबीर यांच्या नावावर दोन्ही सामन्यांत एकही गोल नाही. त्या काळी बदली खेळाडू उतरवण्याची मुभा नव्हती. कर्णधाराचा हात सामन्याच्या मध्यात साफ निकामी झाला असता, तर भारताला दहा जणांनिशी खेळावे लागले असते. ती जोखीम संघाने जाणूनबुजून पत्करली. गुणतक्त्यात शून्य, गळ्यात सुवर्णपदक.

८/ केवळ आक्रमणाकडे पाहून मेलबर्नचा हिशेब पुरा होत नाही. भारताने पाच सामन्यांत ३८ गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. गोलरक्षक होते महूचे शंकर लक्ष्मण, जे पुढे मराठा लाइट इन्फंट्रीतून कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. मागची फळी इतकी भक्कम असल्यानेच पुढे एक जखमी खेळाडू उभा करण्याची चैन परवडली. हा बारकावा महत्त्वाचा आहे. जखमी आघाडीपटूचे मोल त्याच्या एकट्याच्या शरीरात नसते, त्याच्यामागे उभ्या असलेल्या संघावरही ते अवलंबून असते.

९/ बलबीर यांच्या खात्यात दुसऱ्या प्रकारचे शून्यही आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी अर्जेंटिनाविरुद्ध ६ गोल केले. असे असूनही पुढच्या सामन्यात त्यांना स्थान मिळाले नाही. ते पुन्हा उतरले ते थेट अंतिम सामन्यात. तेथे ब्रिटनवरील ४-० अशा विजयात त्यांचे २ गोल होते. दोन सामने, आठ गोल. निव्वळ तक्ता वाचणाऱ्याला १९४८ आणि १९५६ मधील रिकामे रकाने सारखेच दिसतील. पण एका ठिकाणी शरीराने अडवले होते आणि दुसऱ्या ठिकाणी निवडीने.

१०/ आता महाराष्ट्रात येऊ. येथे काल्पनिक नव्हे, खरी बोली लागली होती. हॉकी इंडिया लीगचा पहिला लिलाव डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत झाला. मुंबई मॅजिशियन्सने संदीपसिंग यांच्यासाठी ६४,४०० डॉलर मोजले. त्यांची मूळ किंमत २७,८०० डॉलर होती. संदीप मुळात बचावपटू. पण ड्रॅगफ्लिकमुळे गोलांच्या यादीत ते आघाडीपटूंच्याही पुढे असत. २२ ऑगस्ट २००६ रोजी विश्वचषकासाठी संघात दाखल होण्यासाठी निघाले असताना शताब्दी एक्सप्रेसमध्ये त्यांना चुकून सुटलेली गोळी लागली होती. विश्वचषक हुकला आणि चाकांच्या खुर्चीत बसण्याची वेळ आली.

११/ त्यानंतरचे पुनरागमन भारतीय क्रीडेतिहासात विरळा आहे. २००९ मध्ये संदीप भारताचे कर्णधार झाले. फेब्रुवारी २०१२ मध्ये दिल्लीतील ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत त्यांनी १६ गोल केले, त्यांपैकी ५ फ्रान्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात. पण त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये भारत शेवटच्या, म्हणजे बाराव्या स्थानी राहिला आणि संदीप भारतीय संघाबाहेर गेले. त्यामुळे डिसेंबरच्या लिलावात मुंबईसमोर जखमेतून सावरलेला आणि राष्ट्रीय संघाने दूर सारलेला गोलंदाजीतला नव्हे, तर गोल करण्यातला हुकमी एक्का उभा होता. मुंबईने मूळ किमतीच्या दुपटीहून अधिक रक्कम लावली.

१२/ निकाल विचारात पाडणारा आहे. २०१३ च्या पहिल्या हंगामात सर्वाधिक गोल संदीप यांनी केले आणि मुंबई मॅजिशियन्स पाच संघांत तळाला राहिला. फँटसीच्या दृष्टीने ही खरेदी सोन्यासारखी. गुणतालिकेच्या दृष्टीने हंगाम अपयशी. याचे खापर संदीप यांच्यावर फोडणे अन्यायाचे होईल. राजकीय तणावामुळे त्या हंगामात पाकिस्तानी खेळाडूंना मायदेशी परतावे लागले होते आणि मुंबईलाही त्याचा फटका बसला. मेलबर्नशेजारी ठेवून पाहिले की मुद्दा उघड होतो. एकीकडे गोल शून्य आणि संघ अव्वल, दुसरीकडे गोल सर्वाधिक आणि संघ अखेरचा. गोलांचा रकाना खोटा नाही. त्याला संघाची बाजू दिसत नाही, एवढेच.

१३/ तिसरे नाव पुण्याजवळच्या खडकीचे. धनराज पिल्ले यांचा जन्म १६ जुलै १९६८ चा. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन त्यांचा खेळ घडला. डिसेंबर १९८९ ते ऑगस्ट २००४ या काळात ते भारताकडून ३३९ सामने खेळले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई क्रीडा स्पर्धा आणि चार चँपियन्स करंडक अशी ही कारकीर्द. धावण्यावर आणि अंगावर येणाऱ्या बचावपटूंना चुकवण्यावर ज्याचा खेळ उभा आहे, अशा आघाडीपटूने जवळपास पंधरा वर्षे उपलब्ध राहणे हेच एक मोठे मोल आहे. दुखापतग्रस्त कारकिर्दीची किंमत समजण्यासाठी अशी टिकलेली कारकीर्द शेजारी ठेवावी लागते.

१४/ मग धनराज यांचे गोल किती? साधारण १७० असा आकडा सांगितला जातो. ‘साधारण’ म्हणण्याचे कारण असे, की भारतीय हॉकी महासंघाने खेळाडूंच्या गोलांची अधिकृत आकडेवारी ठेवलीच नाही. चार ऑलिंपिक खेळलेल्या खेळाडूच्या गोलांचा हिशेब त्याच्या महासंघाकडे नसावा, ही बाब किरकोळ नाही. १७० आणि ३३९ धरले तर सरासरी सामन्यामागे अर्धा गोल येते. बलबीर यांच्या २.७५ शी तिची तुलना करण्याचा मोह आवरावा. एक आकडा गवतावरच्या ८ ऑलिंपिक सामन्यांचा आहे. दुसरा कृत्रिम मैदानावर, अधिक बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध, शेकडो सामन्यांत पसरलेला अंदाज आहे.

१५/ आता दुसऱ्या प्रकारचे शून्य, अधिक कठोर रूपात. डिसेंबर १९९८ मध्ये धनराज यांच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉकच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध निर्णय पेनल्टी स्ट्रोकवर लागला. १९६६ नंतर, म्हणजे ३२ वर्षांनी हे सुवर्ण आले होते. त्यानंतर लगेच धनराज यांच्यासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संघातून बाहेर ठेवण्यात आले. अधिकृत कारण ‘विश्रांती’. खेळाडूंनी मानधन आणि सुविधांविषयी आवाज उठवल्याची ही शिक्षा आहे, असा अर्थ त्या वेळी व्यापकपणे लावला गेला. दुखापतीनंतर वापरला जाणारा शब्द येथे धडधाकट खेळाडूंसाठी वापरला गेला होता.

१६/ गोलांची नोंद नसण्याचे गांभीर्य येथे कळते. खेळाडूकडे स्वतःच्या कामगिरीचा अधिकृत पुरावा नसेल, तर त्याला वगळणाऱ्याकडे कोणी जाब कसा मागावा? धनराज परतले. २००२ च्या कोलोन येथील चँपियन्स करंडकात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरले. भारत त्या स्पर्धेत चौथा होता. २००३ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशिया चषक जिंकला. ज्याला ‘विश्रांती’ दिली गेली, त्याच्या पायांत १९९९ नंतरही बरेच हॉकी शिल्लक होते, हे मैदानावरच सिद्ध झाले.

१७/ खेळाचे नियमही हिशेब बदलतात. १९९२ पासून हॉकीत कितीही वेळा खेळाडू बदलण्याची मुभा मिळाली. त्यामुळे आजचा आघाडीपटू काही मिनिटे झंझावात करून बाहेर बसतो आणि पुन्हा उतरतो. अर्धवट तंदुरुस्त खेळाडूला जपून वापरणे शक्य झाले. १९५६ मध्ये ही सोय असती, तर बलबीर यांना संपूर्ण सामनाभर मैदानात उभे राहावे लागले नसते. पण प्रतिस्पर्ध्याचे दोन रक्षकही सामनाभर त्यांच्यामागे अडकून पडले नसते. म्हणून ‘सामना खेळला’ या नोंदीचा अर्थ दोन काळांत एक नाही.

१८/ तात्पर्य, खंडित कारकीर्द वाचताना तीन प्रश्न विचारावेत. खेळाडू मैदानात नव्हता, तो कोणाच्या निर्णयाने : शरीराच्या, निवडकर्त्यांच्या की महासंघाच्या? तो मैदानात होता, तेव्हा समोरच्या संघाला आपली रचना बदलावी लागली का? आणि हा हिशेब लिहिणारा कोण होता? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सामन्यांच्या वृत्तांतांतून आणि खेळाडूंच्या आठवणींतून शोधता येतात. तिसऱ्याचे उत्तर अनेकदा अस्वस्थ करते. खडकीच्या धनराज पिल्ले यांचे सामने ३३९, हे नेमके ठाऊक आहे. त्यांचे गोल नेमके किती, हे सांगणारी अधिकृत वही मात्र कोणी लिहिलीच नाही.