बोट आणि पडदा यांच्या मधला वेळ

आजचा विषय सेकंदाच्या हजाराव्या भागाचा, म्हणजे मिलिसेकंदांचा आहे. एवढ्याशा वेळेला कसला आलाय इतिहास, असं वाटेल. पण आहे, आणि तो आपल्यापैकी अनेकांच्या घरातून गेलेला आहे.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे स्वस्त व्हिडिओ गेम मिळायचे, त्यांतल्या काहींबरोबर प्लॅस्टिकची बंदूक यायची. पडद्यावर बदकं उडायची, आपण नेम धरून चाप ओढायचा. ही यंत्रं म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीच्या यंत्राच्या नकला. मूळ खेळ ‘डक हंट’, १९८४ सालचा. ती बंदूक आज शोधून काढा आणि नव्या सपाट टीव्हीला जोडा. एकही बदक पडत नाही. बंदूक बिघडलेली नसते. मग होतं काय?

चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक भाग असे. ठरलेल्या क्षणी त्याला उजेड दिसला, तर नेम बरोबर. म्हणजे बंदूक प्रकाश फेकत नव्हती, ती बघत होती. हे जमायचं, कारण पिक्चर ट्यूबचा टीव्ही चित्र साठवून ठेवतच नव्हता. सिग्नल आला की इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ रंगवत जायचा. अमेरिका-जपानात सेकंदाला ६० वेळा, आपल्याकडे ५० वेळा. मध्ये थांबायला जागाच नव्हती.

दोन हजारच्या दशकात एलसीडी आले आणि ही जागा तयार झाली. सपाट पडद्यावर ठिपक्यांची संख्या पक्की असते. येणारं चित्र लहान असेल तर ते ताणून बसवावं लागतं. जुना सिग्नल एकाआड एक ओळी पाठवायचा. त्या जुळवायला मागचं-पुढचं चित्र ताडून बघावं लागतं. त्यात हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःचं एक चित्र घालू लागले. आता मधलं चित्र काढायचं तर पुढचं हातात आलेलं हवं ना? म्हणजे थांबणं आलंच. सेकंदाला ६० चित्रं धरली तर एका चित्राचे साधारण १६.७ मिलिसेकंद. अशी सहा चित्रं थांबलं की १०० मिलिसेकंद गेले. यालाच म्हणतात इनपुट लॅग.

सिनेमा बघणाऱ्याला याचं काही वाटत नाही. आवाज आणि ओठ जुळले की झालं. २००६ साली एचडीएमआय १.३ आलं, त्यात आवाज चित्राइतकाच मागे ठेवण्याची आपोआप सोय होती. प्रेक्षकाचा प्रश्न मिटला. खेळणाऱ्याचा मात्र तसाच राहिला, कारण त्याचं बोट मागे ठेवता येत नाही.

दुकानात चित्राचा रंग दिसतो, उशीर दिसत नाही. कागदावर ‘५ मिलिसेकंद’ लिहिलेलं असायचं, पण तो ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ; बटणापासून पडद्यापर्यंतचा नव्हे. त्यामुळे उडी चुकली की खेळणारा स्वतःच्या हाताला दोष द्यायचा. आकडा नसलेली तक्रार कुणी ऐकून घेत नाही.

म्हणून पुढचा इतिहास मोजमापाचा आहे. पहिली पद्धत अगदी घरगुती. एकच सिग्नल दोन टीव्हींना द्यायचा, एक ट्यूबवाला आणि एक सपाट. दोन्हींवर सेकंदघड्याळ चालवायचं आणि फोटो काढायचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे उशीर. दुसरी, सेकंदाला २४० चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्याने बटण आणि पडदा एकत्र टिपून मधली चित्रं मोजायची; प्रत्येकी ४ मिलिसेकंदांहून जरा जास्त. यात मात्र कंट्रोलर, गेम आणि टीव्ही, तिघांचा मिळून उशीर येतो. पुढे छोटी यंत्रं आली: स्वतःच सिग्नल पाठवायचा, पडद्याला लावलेल्या सेन्सरने तो ओळखायचा. त्यातून हेही कळतं, की पडद्याचा तळ माथ्यापेक्षा सुमारे १६ मिलिसेकंद उशिरा रंगतो. त्यामुळे मोजमाप कुठे घेतलं हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

गंमत म्हणजे, हे मोजमाप खेळण्यातही शिरलं. २००८ च्या ‘रॉक बँड २’ च्या प्लॅस्टिक गिटारमध्ये प्रकाशाचा सेन्सर आणि मायक्रोफोन होता. गिटार टीव्हीसमोर धरली की ती उशीर स्वतः मोजायची आणि गेम तेवढं सावरून घ्यायचा. पण हे गाण्यातच जमतं, कारण पुढचा सूर आधीच ठरलेला असतो. मारामारीच्या खेळात समोरचा काय करणार हे कुणाला ठाऊक? म्हणून ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ या २००१ च्या खेळाच्या स्पर्धांना लोक अजूनही ट्यूबचे जडशीळ टीव्ही उचलून नेतात.

आकडे समोर आले, टीव्हींची त्यावरून तुलना होऊ लागली, तेव्हा कंपन्यांनाही लक्ष द्यावं लागलं. ‘गेम मोड’ ही युक्ती साधी आहे: चित्र सजवण्याची बहुतेक कामं बंद. २०१७ साली जाहीर झालेल्या एचडीएमआय २.१ मध्ये कन्सोल स्वतःच टीव्हीला तो मोड लावायला सांगू शकतो. २०२० मध्ये आलेल्या कन्सोलवर सेकंदाला १२० चित्रंही मिळू लागली, म्हणजे एका चित्राला ८.३ मिलिसेकंद. प्रेक्षकाची सोय २००६ ला झाली आणि खेळणाऱ्याची २०१७ ला. मधली अकरा वर्षं त्याला स्वतःची तक्रार स्वतःच मोजून दाखवावी लागली.

तेव्हा घरात कुणी म्हणालं, ‘अरे, मी बटण वेळेवर दाबलं होतं,’ तर लगेच हसू नका. गेम मोड चालू आहे का, हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद आहे का, एवढं बघा. कदाचित त्याचं खरं असेल.

आता प्रश्न घेऊ.