गिझरचं बिल नेमकं कुठे वाढतं? अकोला-अमरावतीच्या हिवाळ्याचा हिशोब

थंडीत घर गरम ठेवायचा खर्च म्हटलं की आपल्याला शिमला-मनाली आठवतं. आपल्या वऱ्हाडात तो खर्च खोलीत नाही, बाथरूममध्ये होतो. उन्हाळ्यात कूलर मीटर पळवतो, डिसेंबर-जानेवारीत गिझर. गावाकडे अजून बंबात पऱ्हाट्या-तुराट्या जळतात. तिथे बिलाचा प्रश्न नाही, धुराचा आहे.

आधी साधं गणित. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण १.१६ वॅट-तास वीज लागते. सकाळी टाकीतलं पाणी २० अंश आहे आणि तुम्हाला २० लिटरची बादली ४० अंशांवर हवी आहे, असं धरा. २० × २० × १.१६ म्हणजे ४६४ वॅट-तास, जवळपास अर्धं युनिट. चौघांचं घर असेल तर दिवसाला दोन युनिट, महिन्याला ५५ ते ६०. स्वस्तातला रॉड असो की महागडा गिझर, हा आकडा फारसा हलत नाही, कारण दोन्हीत आत तापणारी कॉइलच असते आणि तिची सगळी उष्णता पाण्यातच जाते. ‘कमी वॅटचा घेतला की बिल कमी’ हाही गैरसमज. कमी वॅटचा गिझर तेवढंच पाणी तापवायला जास्त वेळ घेतो, एवढंच.

मग ५५-६० युनिट खिशाला इतके का लागतात? स्लॅबमुळे. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत एक दर आणि १०१ ते ३०० साठी दुसरा, तो बराच जास्त. हिवाळ्यात पंखा-कूलर बंद असल्यामुळे घर ८०-९० युनिटांत भागत असेल, तर गिझरचे बहुतेक युनिट थेट महागड्या टप्प्यात पडतात. म्हणून गिझरचा खर्च काढताना बिलाची सरासरी धरू नका. तुमच्याच बिलावर छापलेला दुसऱ्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार आणि वीज शुल्कही मिळवा.

स्टार आणि टायमर

गिझरवरचे स्टार पाणी किती लवकर तापतं हे सांगत नाहीत. तापलेलं पाणी टाकीत नुसतं पडून असताना किती उष्णता बाहेर जाते, ते सांगतात. दिवसभर स्विच चालू ठेवणाऱ्या घरात पाच स्टारचा फायदा दिसतो. आंघोळीआधी चालू, मग बंद, अशी सवय असेल तर फरक किरकोळ.

१५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर २० अंशांचं पाणी ६० वर न्यायला साधारण २१ मिनिटं घेतो. त्यात तेवढंच थंड पाणी मिसळलं की ४० अंशांचं ३० लिटर होतं. दोघांची आंघोळ झाली. म्हणजे ‘तासभर आधी लावून ठेव’ म्हणण्यात अर्थ नाही, मोबाइलवर २० मिनिटांचा टायमर पुरे. थर्मोस्टॅट ७५ वर असेल तर ५५-६० वर आणा. स्मार्ट प्लग घेणार असाल तर १६ अँपिअरचाच घ्या. १० अँपिअरच्या प्लगवर रोज गिझर चालवला तर तो तापून वितळू शकतो.

गिझर खरंच किती ओढतो हे बघायचंय? मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो ना, तो एका युनिटला किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त गिझर लावा आणि मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून मोजा. २००० वॅटला साधारण १०७ वेळा यायला हवं. बटण चालू असूनही दिवा जवळपास थांबला असेल तर पाणी तापून झालंय.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहत असाल आणि बोअरचं पाणी वापरत असाल तर एक जास्तीचा खर्च आहे. कॉइलवर क्षारांचा थर बसतो आणि ती आतल्या आत तापून जळते. टाकीतला मॅग्नेशियमचा रॉडही लवकर झिजतो, आणि तो संपला की गंज टाकीला धरतो. हिवाळा सुरू व्हायच्या आधी दोन्ही तपासून घ्या. सोलर वॉटर हीटर घेतानाही विक्रेत्याला पाणी खारं आहे हे आधी सांगा. ऊन आपल्याकडे हिवाळ्यातही भरपूर असतं, पण नळ्यांत क्षार साठले की ते फुकट जातं.

गॅस स्वस्त पडतो का?

१४.२ किलोच्या सिलिंडरमधून शेगडीवर साधारण १२० युनिटांइतकी उष्णता पाण्यात उतरते, गॅस गिझरमध्ये १४५ च्या आसपास. सिलिंडरच्या किमतीला या आकड्याने भागा आणि विजेच्या दराशी ताडून बघा. बऱ्याच घरांत गॅस स्वस्त निघेल. पण गॅस गिझर बंद बाथरूममध्ये लावायचा नाही म्हणजे नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि बाहेर कुणाला कळतही नाही. गिझर बाहेरच्या मोकळ्या गॅलरीत आणि फक्त पाइप आत, हीच जागा. रॉड वापरत असाल तर प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

राहिला रूम हीटर. २००० वॅटचा रोज तीन तास लावला तर महिन्याला १८० युनिट, म्हणजे गिझरच्या तिप्पट. ऑइलवाला असो की ब्लोअर, एका युनिटला उष्णता सारखीच देतात. हॉट-अँड-कोल्ड एसी मात्र बाहेरची उष्णता आत ओढतो, त्यामुळे तेवढ्याच विजेत तिपटीच्या आसपास देतो. त्याआधी खिडकीत बसवलेल्या कूलरकडे बघा. आपल्याकडे तो वर्षभर तिथेच असतो आणि रात्रभर त्याच्या जाळीतून गार वारा आत येतो. त्यावर जाड प्लास्टिक घट्ट बांधा, बऱ्याच घरांत हीटरची गरजच उरत नाही.