अमीबा (वितरित कार्यप्रणाली)

जाळ्याने जोडलेले अनेक संगणक वापरणाऱ्याला एकच यंत्र वाटावेत, या हेतूने नेदरलँड्समध्ये घडवलेली कार्यप्रणाली. अ‍ॅम्स्टरडॅमच्या फ्रेये विद्यापीठात अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८१ मध्ये हे संशोधन हाती घेतले. सापे मुलेंडर, रॉबर्ट व्हान रेनेसे आणि फ्रान्स काशूक या त्यांच्या विद्यार्थ्यांचा रचनेत मोठा वाटा आहे. पहिली चालती आवृत्ती १९८३ मध्ये तयार झाली. पुढे त्याच शहरातील सीडब्ल्यूआय ही गणित व संगणकविज्ञानाची संशोधनसंस्थाही या कामात सामील झाली.

अमीबाचे वेगळेपण ‘प्रोसेसर पूल’मध्ये आहे. प्रत्येकाच्या टेबलावर शक्तिमान यंत्र ठेवले, तर ते बराच वेळ रिकामे बसते आणि मोठे काम निघाले की अपुरे पडते. म्हणून येथे टेबलावर केवळ पडदा, कळफलक आणि माउस सांभाळणारे साधे यंत्र ठेवले. गणनशक्ती सामाईक साठ्यात एकवटली. आज्ञा दिली की ‘रन सर्व्हर’ साठ्यातील प्रोसेसरांवरचा भार, त्यांचा वेग आणि मोकळी स्मृती पाहून काम कोठे चालवायचे ते ठरवतो. मोठा प्रोग्रॅम कंपाइल करताना त्याच्या फाइली एकाच वेळी वेगवेगळ्या प्रोसेसरांवर जातात. काम संपले की प्रोसेसर साठ्यात परततो. कोणते काम कोणत्या यंत्रावर झाले, हे वापरणाऱ्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही पडत नाही.

प्रत्येक यंत्रावर एक छोटे मायक्रोकर्नल असते. प्रक्रिया, स्मृती, संदेशवहन आणि प्राथमिक आदान-प्रदान एवढेच ते पाहते. फाइली, निर्देशिका वगैरे बाकी सेवा स्वतंत्र सर्व्हर पुरवतात. ‘बुलेट’ या फाइल सर्व्हरवर एकदा लिहिलेली फाइल बदलता येत नाही, नवी करावी लागते. त्यामुळे फाइल डिस्कवर सलग मांडता येते व झपाट्याने वाचता येते.

सुरक्षिततेची रचना मात्र या प्रणालीचा सर्वांत देखणा भाग म्हणावा लागेल. फाइल, निर्देशिका अशा प्रत्येक वस्तूसाठी १२८ बिटांचे अधिकारपत्र असते. त्यात सर्व्हरची ओळख ४८, वस्तुक्रमांक २४, अधिकार ८ आणि पडताळणी ४८ बिटांत नोंदवलेली असते. वस्तू निर्माण होताना सर्व्हर एक यादृच्छिक संख्या निवडून स्वतःजवळ ठेवतो. मर्यादित अधिकाराचे पत्र देताना ही संख्या आणि ते अधिकार यांवर एकदिश (उत्तरावरून मूळ संख्या काढता न येणारे) फलन लावून पडताळणीचे बिट काढतो. कोणी अधिकाराचे बिट खोडून वाढवले, तर पडताळणी जुळत नाही. पत्र साध्या प्रोग्रॅमच्या हाती असूनही खोटे करणे अतिशय अवघड, आणि त्यासाठी मध्यवर्ती पहारेकऱ्याची गरज नाही.

उणिवाही होत्या. पेजिंग नसल्याने चालू प्रक्रिया पूर्णपणे मुख्य स्मृतीत मावावी लागे. युनिक्सचे प्रोग्रॅम चालवण्यासाठी ‘एजॅक्स’ हा अनुकरणस्तर होता, पण सुसंगती पूर्ण नव्हती. दरम्यान वैयक्तिक संगणक स्वस्त आणि वेगवान होत गेल्याने सामाईक साठ्याची निकडही कमी झाली. असे असले तरी अमीबाची मूळ कल्पना चुकीची ठरली, असे म्हणता येणार नाही.

तिची सर्वांत दूरवर पोहोचलेली देणगी अनपेक्षित आहे. सीडब्ल्यूआयमध्ये अमीबावर काम करणाऱ्या गुइडो व्हान रोसम यांना तिच्या व्यवस्थापनासाठी सोयीची स्क्रिप्ट-भाषा हवी होती. डिसेंबर १९८९ मध्ये त्यांनी ती लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये पायथन या नावाने ती सर्वांसाठी खुली झाली.