डीटूर

डीटूर : कमी खर्चात तयार झालेला अमेरिकन ‘फिल्म न्वार’ गुन्हेपट (1945). दिग्दर्शक एडगर जी. उल्मर, पटकथा मार्टिन गोल्डस्मिथ यांची, स्वतःच्याच 1939 च्या कादंबरीवरून, निर्मिती प्रोड्यूसर्स रिलीजिंग कॉर्पोरेशन या हॉलिवुडमधल्या तुटपुंज्या भांडवलाच्या कंपनीची. लांबी जेमतेम 68 मिनिटे. न्यूयॉर्कच्या नाइटक्लबात पियानो वाजवणारा अल रॉबर्ट्स (टॉम नील) प्रेयसीला गाठण्यासाठी लिफ्ट मागत हॉलिवुडकडे निघतो. वाटेत गाडीचा मालक हॅस्केल मरतो. अल त्याचे कपडे, पैसे आणि नाव घेऊन पुढे जातो, आणि हे बिंग ओळखणारी व्हेरा (अ‍ॅन सॅव्हेज) त्याला वेठीस धरते.

उल्मर यांनी पैशांची चणचण कौशल्याने झाकली, अशी या चित्रपटाची स्तुती होते. ती अपुरी आहे. सगळी हकिगत अल स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि दोन्ही मृत्यू अपघाती ठरवतो. हॅस्केल गाडीतून कोसळला, डोके दगडावर आपटले. व्हेराच्या गळ्याभोवती फोनची तार होती आणि बंद दाराबाहेरून आपण ती नुसती ओढली. ‘डबल इन्डेम्निटी’मधला (1944) निवेदक खून कबूल करतो, अल मात्र अथपासून इतिपर्यंत सफाई देत राहतो. अशा माणसाच्या आठवणीत न्यूयॉर्क म्हणजे धुके आणि रस्त्यांच्या पाट्या एवढेच उरावे, हे कथेला पुरते साजते.

यावर आक्षेप असा, की धुके केवळ सेट परवडत नव्हता म्हणून आले, आणि काही दृश्यांत निगेटिव्ह उलटी छापल्याने चालक उजवीकडे बसलेला दिसतो; अशा चुकांना अर्थ चिकटवणे ही समीक्षकांची हौस आहे. उलट्या निगेटिव्हपुरता आक्षेप मान्य करावा. प्रवास पडद्यावर सतत पश्चिमेकडे, म्हणजे डावीकडे दिसावा, एवढ्यासाठीच ती तडजोड असावी. पण व्हेराच्या मृत्यूनंतरचा शॉट पाहा: कॅमेरा खोलीतल्या एकेका वस्तूवर जातो, ती धूसर होते, पुन्हा स्पष्ट होते, मग पुढची. इथे काहीही झाकायचे नव्हते. नजरेवर भरवसा ठेवता येत नाही, हे दिग्दर्शक जाणून दाखवतो, आणि त्यासाठी फोकस बदलण्यापलीकडे खर्च लागत नाही. चित्रीकरण सहा दिवसांत उरकले ही उल्मर यांनीच पसरवलेली आख्यायिका. ती खरी मानण्याची गरजही नाही. व्हेराच्या भूमिकेत सॅव्हेज यांनी ओतलेला करवादलेला, थकलेला संताप कोणत्याही बजेटात दुर्मीळच होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत 1992 मध्ये समावेश.